दोन गाड्यांचे दोन वायरलेस

पालीच्या फाट्यावर यष्टीत चढलो तवा मी आन् माझा चुलतभाऊ भानुदास, दोघांत एकच ट्रंक होती. बाप खिडकीशी येऊन म्हणला, "हितं काय कमी हाय, कावून चाललात?" मी ताठ्यात होतो, खिडकीची काच लावून घेतली.

पुण्यात गॅरेज, तिथून मद्रास. परदेशी कंपन्या, नव्या गाड्या, सगळं तवाच येत होतं. आमच्या शेठनं शर्यतीच्या दोन गाड्या काढल्या. मालक एक, पण गाडीगणिक इंजिनिअर वेगळा, मेकॅनिक वेगळे, ड्रायव्हरशी बोलायचा वायरलेससुद्धा वेगळा. एका गाडीचं बोलणं दुसरीला ऐकू जायचं न्हाई. मी पहिल्या गाडीवर मेकॅनिक, भानुदास दुसरीवर. एका ताटात सांबार-भात कालवून खायचो, पण टायरात हवा किती भरली ते एकमेकाला सांगायचं न्हाई. तुमी गावाकडचे हसाल. आमी मातर लई इमानानं पाळलं.

एका शर्यतीत भानुदासची गाडी सगळ्यांत पुढं, आमची तिच्या शेपटाला. आमचा ड्रायव्हर वायरलेसवरून माझ्या कानात ओरडला, पुढच्या गाडीचं तेल माझ्या काचेवर उडतंय! आमचा इंजिनिअर म्हणला, "गप राहा. ती बंद पडली की आपण पुढं."

त्या तेलाला जाळ लागला असता तर आतलं पोरगं गेलं असतं. मी कानातलं काढून पलीकडं पळालो.

"भान्या, गाडी थांबव! तेल गळतंय बे!"

त्यांचा इंजिनिअर हसला. "यांना जिंकायचंय, म्हणून फसवतोय."

भानुदासनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग इंजिनिअर साहेबाच्या हातातला वायरलेस हिसकून ड्रायव्हरला म्हणला, "थांब. आत्ता!"

बॉनेट उघडलं तर नळी फाटलेली, तेल तापल्या सायलेन्सरवर. शर्यत आमच्या गाडीनं मारली. नियम मोडला म्हणून शेठनं दोघांनाबी झापलं. नंतर मी भानुदासला विचारलं, माझं कावून ऐकलंस? म्हणला, "तुला खोटं बोलायला जमत न्हाई बे. ल्हानपणापासून बघतोय."

आता मद्रासचं चेन्नई झालं. भानुदास दोन गल्ल्या सोडून राहतो. तुमी फोनवर इचारता, घरी कधी येता? पालीत दोघांनी खोल्या बांधल्यात, येऊ की. पण माझ्या नुसत्या शब्दावर ज्यानं जिंकत आलेली गाडी थांबवली, तो जिथं हाय ते माझं घर. तो निघाला की मी निघंन. तो म्हणतो, आधी तू. म्हणून दोघंबी अजून हितंच.