विहिरीपाशी कोणीच नव्हतं

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मानोऱ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडली की कुठेतरी कारण सापडतंच, हाच माझा धर्म. तेव्हा वाचून हसलात तरी राग नाही... मीही हसलो असतो.

आमचं वावर इंझोरीच्या शिवारात. रानडुकरं शिरू नयेत म्हणून आमच्याकडे वावराभोवती जुन्या साड्या बांधतात. तीन वर्षांपूर्वी मायला लकवा मारला, वाचा गेली, तेव्हापासून ती बाजेवर, गाउनमध्ये. तिच्या साड्या पेटीत पडून होत्या, त्या मी यंदा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बांधल्या. शेजारचे नामदेवकाका तोंडावरच बोलले, "जित्या बाईची लुगडी वावरात टांगत नसतात बापू. काहून असं करून राह्यला?"

मी म्हटलं, डुकराला काय कळतंय कोणाची साडी ते.

दिवाळीनंतरची दुपार होती. सोयाबीन निघालेलं, मी आणि काका हरभऱ्यासाठी वावर साफ करत होतो. ट्रेनिंगची छोटी विमानं आमच्यावरून नेहमीच जातात, कोणी मान वर करत नाही. पण त्या दिवशी इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. मग नुसती शांतता... आणि हवा कापल्याचा बारीक आवाज.

वावराच्या मधोमध आमची जुनी विहीर आहे — कठडा नाही, तोंडावर गवत माजलेलं, वरून दिसणं शक्यच नाही. विमान टेकलं ते नेमकं तिच्या रोखानं धावत सुटलं. मी ओरडलो, पण ऐकतंय कोण! विहीर पन्नासेक पावलांवर असताना ते एकदम डावीकडे वळलं, धुऱ्यावर आदळलं आणि एक पंख मोडून थांबलं.

आत विशीतली एक मुलगी, एकटीच. कपाळ फुटलेलं. बाहेर काढल्यावर तिचा पहिला प्रश्न — "त्या आजींना लागलं नाही ना?"

कोणत्या आजी, म्हणून विचारलं तर म्हणाली, जांभळ्या साडीतल्या. हात आडवे करून अगदी समोर उभ्या होत्या, म्हणून तर वळवलं.

आम्ही सगळं वावर पाहिलं, विहिरीतही डोकावलो. कोणी नव्हतं. मायची जांभळी साडी होती, पण ती पार रस्त्याकडच्या धुऱ्यावर, बांधली होती तशीच. पोरीच्या डोक्याला मार लागलाय, लांबून फडकणारी साडी दिसली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पटलंही होतं.

पोलिसांना जबाब देऊन संध्याकाळी घरी आलो तर सुनीता, माझी बायको, दारातच उभी. दुपारी माय बोलली म्हणाली. स्पष्ट. "बाजूले घे, पोरी. बाजूले घे." बिचारीला वाटलं ऊन लागतंय, तिनं बाज सरकवून दिली. पण माय तिला आजवर कधी पोरी म्हणाली नव्हती. वेळ विचारली — तीच. विमानाचं सुनीताला तोवर काहीच ठाऊक नव्हतं.

महिन्याभरानं ती मुलगी वडिलांना घेऊन आभार मानायला आली. चहा घेता घेता तिची नजर आतल्या बाजेवर गेली आणि कप हातातच राहिला. "याच," एवढंच म्हणाली, आणि जाऊन मायच्या पायांवर डोकं ठेवलं. माय तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, तोंडातून शब्द नाही.

ते लोक गेल्यावर मी बाजेशी बसलो. "माय, एकदा माह्या नावानं हाक मार वं," म्हटलं. तिनं नुसतं पाहिलं.

खरं सांगू? मला भीती नाही वाटली, राग आला. पोरगी वाचली याचा आनंद आहेच, तो मनापासून आहे. पण तीन वर्षं मी हातानं भरवतोय, रोज दुकानातलं सगळं सांगतोय...

इंजिन का बंद पडलं ते चौकशीत कळेल आज ना उद्या. मायला बोलता येत होतं, तर ती माझ्याशी का नाही बोलली, हे मला कोण सांगणार?