बिनटिळ्याची

“तिला नको लावू गो. विंग्रजी शाळंची पोर ती, लगेच पुसून टाकील,” आत्या काकीला हळूच म्हणाली. मला ऐकू आलं. काकीचा रक्ताळलेला अंगठा माझ्या कपाळापाशी येऊन थांबला आणि शेजारी उभ्या चुलतबहिणीकडे सरकला.

उलव्याजवळच्या आमच्या गावची ती वर्षाची राखण. वेशीवरच्या दगडापुढे कोंबडा कापायचा, त्याच्या रक्ताचा टिळा घरातल्या सगळ्यांना लावायचा, म्हणजे राखणदार वर्षभर सांभाळतो. आम्ही नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये राहायचो, राखणीला तेवढे गावी यायचो. वेस आता नावालाच होती. दगडाभोवती विमानतळासाठी मातीचा भराव पडला होता.

खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात कॉलेजात रोजच्या वापरातल्या एका इंग्रजी शब्दाचं मूळ शोधून सांगायचं होतं. वर्गापुढे फार बोलावं लागू नये म्हणून मी ‘ब्लेस’ निवडला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या तो, साबणाच्या वासाचा शब्द. शब्दकोशात त्याच्या तळाशी ‘ब्लड’ निघालं. रक्त लावून पवित्र करणं, हा म्हणे त्याचा पहिला अर्थ. आशीर्वाद वगैरे नंतरचं. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर काय ठेवत होते, असं वाटलं होतं. आणि आज तोच रक्ताचा आशीर्वाद मला तेवढा वगळून पुढे गेला होता.

परतताना अंधारून आलं. “मागं बघू नका,” काका म्हणाला. “राखणदार घरापातूर येतो. टिळा बघून आपली मानसं वलखतो.”

“आनि बिनटिळ्याचं?” चुलतबहिणीनं विचारलं.

“ते मग त्याचं!”

सगळे हसले. मी सगळ्यांच्या मागे होते.

भरावाची माती इतकी भुसभुशीत की आमची पावलं वाजतच नव्हती. तरी माझ्यामागे माती दबल्याचा आवाज येत होता. मी थांबले की तो थांबे. चालले की पुन्हा येई, आधीपेक्षा जवळून. पुढे काकीच्या हातात पानांचा द्रोण होता. घराच्या चौकटीला लावायचं रक्त त्यात होतं. माझ्या मानेला काहीतरी गार लागलं. वारा नव्हता.

मी धावत काकीला गाठलं. सगळे बघायला लागले. माझा आवाज नको इतका मोठा निघाला.

“काकी, मला लाव. आत्ता, इथंच लाव!”