फिरता निधी आणि ‘फरार’ बाई

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गावचा, हेही पटकन सांगता येत नाही. कोल्हापूरच्या एका फौंड्रीतलं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातलं, हे प्रकरण मात्र तसं मिसळलं नाही. कोणाचंही नाव मी घेणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं आजही त्याच परिसरात राहतात आणि कामाला जातात.

निवृत्तीच्या आधी काही वर्षं मी औद्योगिक वसाहतीलगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एके सकाळी हजेरी आटोपून बसलो, तर ठाणे अंमलदारानं एका गृहस्थाला आत पाठवलं. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलण्यात अदब. फौंड्रीत सुपरवायझर. हातात टाईप केलेला तक्रार अर्ज.

“साहेब, कामगारांच्या घामाचा पैसा हाय,” तो म्हणाला. “बाई मशीन घिऊन फरार झाली. आणि ह्यात आमच्या एचआर साहेबांचा हात हाय.”

त्या कारखान्यात कामगारांनी फिरता निधी उभा केला होता. प्रत्येकाच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची, तेवढीच कंपनीनं घालायची, आणि जमलेल्या पैशातून एकेका कामगाराच्या घरी छोटा उद्योग सुरू करून द्यायचा. त्याचे हप्ते परत आले की तोच पैसा पुढच्याला. कोणी म्हशी घेतल्या होत्या, कोणी मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. वाळूचे साचे करणाऱ्या विभागातल्या एका विधवा बाईनं मसाला कांडपाचं यंत्र घेतलं होतं. कामाची पाळी संपली की घरी जाऊन ती आजूबाजूच्यांची मिरची कांडून द्यायची. ही बाई एक दिवस कामावर आली नाही. घराला कुलूप, यंत्र जागेवर नाही, फोन बंद.

“लोकेशन काढा की साहेब. तुमच्या हातातलं काम हाय,” जाता जाता सुपरवायझर म्हणाला.

अशा तक्रारीत मी लगेच गुन्हा दाखल करत नसे. पैशाचा व्यवहार असला की आधी चौकशी, मग कलमं. अर्ज चौकशीवर ठेवला आणि कारखान्यात गेलो.

तिथलं वातावरण बिघडलेलंच होतं. जेवणाच्या सुट्टीत दोन टोळकी दोन कोपऱ्यांत बसलेली. काही जण कापलेली रक्कम परत मागत होते. पुढचा नंबर एका क्रेनचालकाचा होता. त्याची बायको बेकरी टाकणार होती, भट्टी ठरवून इसारही दिला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, बाई चोर निघाली तर निधी बंद पडतोय. मग आमी काय करायचं? आणि चोर न्हाय म्हणावं, तर पत्ता न्हाय.”

निधीची कल्पना मुळात एचआर साहेबांची. चाळिशीचे, सडपातळ, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांना ठाण्यात बोलावून घेतलं.

“बाई कुठं आहे?”

“माहीत नाही.”

उत्तर फार पटकन आलं.

“तिचे हप्ते थांबले?”

“नाही. येतायत.”

“नोकरी सोडून गेलेल्या बाईचे हप्ते कोण भरतं?”

ते टेबलाकडे बघत राहिले.

“तुम्ही भरता?”

“नाही साहेब.”

“मग कोण देतं तुमच्याकडे आणून?”

समोरच्या पेल्यातलं पाणी त्यांनी घोटभर प्यायलं आणि पेला उगाच फिरवत बसले. माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. हे गृहस्थ गरजेपेक्षा कमी बोलत होते, म्हणजे कोणालातरी झाकत होते. एकटी बाई, तिच्यावर मेहरबान झालेला अधिकारी, गायब झालेलं यंत्र. पोलिसाच्या डोक्यात यातून जे चित्र तयार व्हायचं ते माझ्याही डोक्यात झालं. त्यांना मी दोन-तीनदा बोलावलं. दरवेळी तेच. एकदा निघताना मात्र दारात थांबून म्हणाले, “साहेब, मला आत टाकायचं असेल तर टाका. पण हे मला विचारू नका.”

दुसऱ्या बाजूला सुपरवायझर ठाण्यात रोज हजर. कधी पाळीवर जाताना, कधी सुटल्यावर. चहावाल्याशी, हवालदारांशी त्याची ओळख झाली. माझ्या केबिनच्या दारात येऊन एकच प्रश्न, “पत्ता लागला का साहेब?” बाईच्या मोबाईलचं लोकेशन मिळावं म्हणून वरिष्ठांकडे पाठवायचं पत्र मी तयारही करून घेतलं होतं. सही तेवढी राहिली होती.

ती करायला पेन उघडलं आणि हात थांबला. चोरीची फिर्याद देणारा माणूस आधी काय विचारतो? माझी वस्तू मिळाली का? मोटारसायकल गेलेला गाडी विचारतो, दागिने गेलेली बाई दागिने विचारते. चोर सापडला का, हे त्यानंतर. या माणसानं इतक्या फेऱ्यांत यंत्राचं नावही काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याला बसवून घेतलं. आमच्या महिला उपनिरीक्षकांनाही आत थांबायला सांगितलं.

“मशीन मिळालं,” मी ठोकून दिलं.

“बरं झालं,” तो म्हणाला. “आणि ती?”

“ती नाही मिळाली. पण हप्ते चालू आहेत, मशीन आलं. निधीचं नुकसान काही नाही. तुमचा अर्ज निकाली काढतो.”

तो खुर्चीत पुढे सरकला. “असं कसं साहेब? बाईला आणि पोरीला आणाय लागंल की!”

उपनिरीक्षकांनी माझ्याकडे बघितलं.

“कुठली पोरगी?” मी विचारलं. “तुमच्या अर्जात पोरगी कुठं आहे?”

“न्हाय, म्हंजे… तिची पोरगी. संगं असंल म्हणून म्हटलं.”

“पोरीनं निधीचं काय नेलंय?”

जास्त न ताणता मी त्याला घरी पाठवलं. त्याला धरून बसण्यापेक्षा त्याच्या आधी त्या पोरीपर्यंत पोहोचणं गरजेचं होतं.

त्याच दुपारी उपनिरीक्षक आणि मी साध्या कपड्यांत एचआर साहेबांच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. नवरा आतून आला, आम्हाला बघून भिंतीला टेकला. मी सरळ म्हणालो, “मला यंत्र नको आहे. त्या मुलीचं काय आहे, तेवढं सांगा.”

त्यांनी पत्नीकडे बघितलं. पत्नी बोलल्या.

“ह्यास्नी शपथ घातलीय तिनं, ते न्हाय बोलायचे. मी बोलते. ती माझ्या माहेरी हाय, जयसिंगपूरजवळ. ह्यांनी न्हाय ठेवली, मी ठेवली.”

मग सगळं बाहेर आलं. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. सुपरवायझरचा धाकटा भाऊ तिशी ओलांडलेला, पहिली बायको सोडून गेलेली. त्याच्यासाठी ही मुलगी मागितली होती. बाईच्या दिरानं परस्पर होकार दिला. कारखान्यात कोणाला पत्ता नव्हता. बाई नाही म्हणाली, तेव्हा सुपरवायझर तिला म्हणाला, “कर्जाला सही माझी हाय. माझ्यामुळं मशीन मिळालं. तवा बरं न्हाय म्हणाली न्हाईस!”

कर्ज मंजूर करणाऱ्या निधीच्या समितीत तो होता. सगळ्यांच्या पैशातून दिलेलं कर्ज तो आपला उपकार म्हणून मोजत होता, आणि त्याची फेड म्हणून मुलगी मागत होता. साखरपुड्याची तयारी सुरू झाली तेव्हा बाई मुलीला आणि यंत्राला घेऊन निघाली.

“आमच्याकडे का नाही आली?” उपनिरीक्षकांनी विचारलं.

“ती म्हणाली, ठाण्यात गेलं की पयला फोन घरच्यांस्नी जातो. आणि आता तर तो सुपरवायझर तुमच्यात रोज बसलेला, साऱ्या कारखान्याला दिसतंय की!”

मी उठून गाडी काढायला सांगितली.

संध्याकाळच्या आत आम्ही जयसिंगपूरच्या बाजूला पोहोचलो. रस्त्यापासून आत पत्र्याची एक शेड. मिरचीचा ठसका लांबूनच नाकात गेला, उपनिरीक्षक शिंकून बेजार झाल्या. आत यंत्र चालू होतं. डोक्याला, तोंडाला फडकं बांधलेली बाई मिरची ओतत होती, मुलगी पलीकडे पिशव्या भरत होती. साध्या कपड्यांतही आम्ही पोलीस आहोत हे बाईनं ओळखलं. तिनं बटण बंद केलं आणि मुलीला पाठीमागे ओढलं.

“मशीन न्यायला आलाय? न्या,” ती म्हणाली. “पोरगी न्हाय.”

तिला समजावायला बराच वेळ लागला. उपनिरीक्षक तिच्याजवळ पोत्यावर बसल्या, मुलीशी कॉलेजबद्दल बोलल्या, तेव्हा कुठं तिनं तोंडावरचं फडकं सोडलं. जबाब लिहून घेताना मी सवयीनं विचारलं, “पळून का गेलात?”

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘गेलो, आलो’ असं बोलतात, तसं ती ठसक्यात म्हणाली, “पळून न्हाय गेलो साहेब. कामाला गेलतो. मशीन ठेवून आलो असतो तर पोरीला खायाला काय घातलं असतं? आणि पळायचंच असतं तर हप्ता कशाला धाडला असता?”

हप्ता ती एचआर साहेबांच्या पत्नीकडे देत होती, आणि साहेब तो निधीत भरत होते.

पुढचं काम कागदोपत्री असलं तरी महत्त्वाचं होतं. मुलीला बाल कल्याण समितीपुढे हजर केलं, समितीनं तिला आईच्याच ताब्यात दिलं. दीर, सुपरवायझर आणि त्याचा भाऊ यांना बालविवाहाचा कायदा समजेल अशा भाषेत समजावला आणि लग्न करणार नाही अशी हमीपत्रं घेतली. त्यांच्यावर प्रतिबंधक कारवाई केली. खोटी माहिती देऊन पोलिसांना कामाला लावल्याबद्दल सुपरवायझरविरुद्ध स्वतंत्र अहवाल पाठवला. कंपनीनं त्याला समितीतून काढलं.

निधीचं काय करायचं हे ठरवायला कामगारांनी कॅन्टीनमध्ये सभा घेतली आणि मला बोलावलं. बाईही आली होती. एक जण उठून म्हणाला, “आमास्नी सांगितलं असतंस, तर आमी काय मेलो हुतो?”

ती म्हणाली, “कुणाला सांगायचं? कमिटीत तोच हुता. आणि तुमी समदे त्याला दादा म्हणत हुता.”

मग क्रेनचालक उभा राहिला. “पुढचा नंबर आमचा हाय. आमच्या भट्टीला कुणाची मेहरबानी लागणार हाय, ते आत्ताच सांगा.” त्यावर बरंच बोलणं झालं, आवाज चढले. शेवटी ठरलं की कर्जाचा निर्णय यापुढे बंद खोलीत समिती घेणार नाही. सगळ्यांसमोर, हात वर करून होईल. बेकरीला त्याच सभेत मंजुरी मिळाली. पहिला हात बाईनं वर केला.

बाई परत कामावर रुजू झाली. यंत्र पुन्हा तिच्या घरी आलं.

या प्रकरणानं माझी एक सवय बदलली. एरवी आम्ही पोलीस संशय घेतो तो गप्प बसणाऱ्यावर, घाबरलेल्यावर, निघून गेलेल्यावर. तक्रार घेऊन येणाऱ्याला मात्र बसायला खुर्ची देतो. संशय माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होता, फक्त तो माझ्या टेबलासमोर बसलेल्या अर्जदाराकडे वळायला वेळ लागला. नंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी एवढंच सांगत आलो: कोणी हरवलं म्हणून अर्ज आला की शोध जरूर घ्या. पण माणूस सापडल्यावर त्याचा पत्ता अर्जदाराला देण्याआधी, त्याला सापडायचं होतं का, हे त्याच्याच तोंडून ऐकून घ्या.