कठड्याचा फोटो

इमारतीत तिला सगळे बटणवहिनी म्हणत. औषधांच्या दुकानात दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या काढून देणारी ही बाई सुट्टीला कॅमेरा घेऊन निघे आणि फोटो काढे ते दिव्यांच्या बटणांचे, नळांचे, विजेच्या खांबांचे, गटारांच्या झाकणांचे. नवरा म्हणायचा, "लोक डोंगर बघायला जातात, आमची ही मीटरच्या पेटीपाशी रमते." सासूबाई मात्र सुनेच्या बाजूच्या. आल्यागेल्याला हौसेने फोटो दाखवत आणि म्हणत, "रोज हात लावतो आपण याला, पण बघतं कोण?"

एकदा कामावर जाताना जिन्याच्या खालच्या वळणावर ती थबकली. कठडा भिंतीत बसवला होता तिथे बोल्टभोवतीचा गंज पसरून फुलासारखा दिसत होता. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. तिने कठड्याला कोपर टेकवून कॅमेरा रोखला, तर कठडा हलला. फोटो बिघडेल म्हणून तिने कोपर काढून घेतलं, श्वास रोखला आणि फोटो काढला. फार सुरेख आला. रखवालदाराला सांगायला हवं, हे मनात आलं होतं. येताना सांगू म्हणाली, आणि राहून गेलं.

त्याच आठवड्यात सासूबाई तिथे पडल्या. आधाराला धरलेला कठडाच भिंतीतून सुटला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं.

सून रजा टाकून उशाशी बसली. अंग पुसायचं, भांडं द्यायचं, वेणी घालायची. भेटायला येणाऱ्यांना सासूबाई सांगत, "पोटची मुलगी करणार नाही इतकं करते हो ही." हे कानावर आलं की सून तांब्या भरून आणायला उठे. तांब्या भरलेलाच असे.

मग इमारतीतल्या लोकांची बैठक भरली. सगळ्यांचा राग रखवालदारावर.

"नुसती खुर्ची उबवतो. काढून टाका याला," तिचा नवरा म्हणाला. त्याचाच आवाज सगळ्यात चढलेला होता.

"जिना रोज झाडतो मी, साहेब," म्हातारा रखवालदार खाली बघत म्हणाला. "पण कठडा हलवून बघितला नाही. चुकलं माझं."

ती मागे भिंतीला टेकून उभी होती. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. "कठडा हलतोय हे मला माहीत होतं. मी त्याचा फोटो काढला आणि निघून गेले."

रखवालदाराला काढायचा विषय तिथेच थांबला. नवरा तिच्याआधी निघाला आणि एकटाच घरी गेला.

घरी आल्यावर तिने सासूबाईंनाही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर पाणी दे, खिडकी लाव, एवढंच बोलणं. पुढे एका सकाळी वेणी घालून घेता घेता त्या म्हणाल्या, "दाखव बघू तो फोटो."

चष्मा लावून त्यांनी तो नीट निरखला.

"हलत होता ते दिसत नाही गं यात."

"नाही दिसत, आई," सून म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. सासूबाईंनी तिची समजूत घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वेणी अर्धीच राहिलीय."

नवऱ्याचा अबोला हळूहळू सुटला, पण फोटोंवरून थट्टा त्याने पुन्हा कधी केली नाही. तिला ती थट्टा हवीशी वाटे.

जिन्याला नवा कठडा बसला. सासूबाई काठी घेऊन उतरू लागल्या, पण कठड्याला हात लावत नाहीत. सुनेच्या खांद्यावर भार टाकतात. वळण आलं की त्यांची बोटं खांद्यात रुततात. सून पाऊल अगदी सावकाश टाकते.