पिवळ्या झबल्याची वाढ

माझी फजिती ऐकायची आहे ना? मग चहा आधी पिऊन घ्या. सुरुवातीला तुम्ही हसाल, पण नंतरचा घोट घशाखाली उतरायचा नाही.

बी. ए. होऊन मी सोलापुरात परतले, तेव्हा देश सुधारायला फार तर दोन वर्षं लागतील असा माझा अंदाज होता. सुरुवात लहान मुलांपासून करायची ठरवली. गिरणीच्या चाळीत गोदामावशी राहायच्या. कामाला जाणाऱ्या बायका भोंग्याच्या आधी आपली पोरं त्यांच्याकडे सोडून जात. सिद्धू, बाळ्या आणि तानी. तिघंही वर्षाच्या आतबाहेरची, तिघांचीही जावळं नुकतीच उतरवलेली.

मी एक इंग्रजी पुस्तक वाचून आले होते. त्यात बजावलं होतं की निरीक्षण करणाऱ्याने लांब बसावं, मुलाला हात लावू नये, लळा लावू नये. मी उंबऱ्याशी पाट टाकून बसायचे आणि वही भरायचे. पहिल्या दिवशी नावं विचारून घेतली. पिवळं झबलं सिद्धू, लाल बाळ्या, हिरवं तानी. झालं. पुन्हा विचारायला वेळ कुणाला होता?

"बाई, एकदा घ्या की मांडीवर," मावशी म्हणायच्या.

"मावशी, हे शास्त्र आहे."

"आसंल. त्याला कुटं कळतंय शास्तर. मुतंल फार तर."

तिसऱ्या आठवड्यात वहीत भयंकर गोष्ट दिसली. सोमवारी सिद्धू सहा पावलं चालला होता. गुरुवारी नुसता रांगत होता. शनिवारी रडायला तोंड उघडलं, तर चाराचे दोनच दात. वर्षाच्या पोराचे दात कमी कसे होतील, असं मला वाटलं नाही का? वाटलं. मी 'पोषणाचा अभाव' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

त्याच संध्याकाळी गिरणीच्या फाटकाशी सिद्धूच्या आईला, सखूला गाठलं. नवरा गेलेला, घरात मिळवती ती एकटीच. केसांत कापूस, डोळ्यांत झोप.

"सखू, तुझ्या पोराची वाढ उलटी चालली आहे."

"घरी तर चालतंय की वं बाई. भित सोडून बी चालतंय."

"आईला तसं वाटतं. माझ्याजवळ लिहिलेलं आहे."

तिने वहीकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं, म्हणूनच फार वेळ पाहिलं.

"तुमी शिकलेल्या," ती म्हणाली. "मला दिवं लागल्यावर काय दिसतंय."

"काम सोड. त्याच्याजवळ बस."

किती सहज सांगितलं मी. आमच्या घरची चूल माझ्या पगारावर पेटत नव्हती.

आठवड्याने मावशींकडे गेले, तर पिवळं झबलं दारात रांगत होतं.

"सिद्धू आला का परत?"

"कुटला सिद्धू? ह्यो बाळ्या."

"पण झबलं तर…"

"जे वाळलं ते घालायचं, बाई. दिसातनं धा बार मुतत्यात. रंग कोन बगतंय?" मग माझ्या वहीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "तुमी काय झबलं बगून लिवत हुता?"

मी वही मिटली.

"सखू काम सोडून बसली की. तिच्या जागी दुसरी लागली बी. तुमीच सांगितलं म्हनं."

मी धावत सुटले. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेऊनच सखूच्या दारात उभी राहिले. सगळं कबूल करणार होते. मुकादमाच्या पाया पडून तुझी जागा परत मागते, असं सांगणार होते. वाक्यंसुद्धा जुळवली होती.

तेवढ्यात आतून एक उघडं पोर दुडुदुडु चालत आलं आणि माझा पदर धरून हसलं. चार दात.

"किती गोड," मी म्हटलं. "सखू, हा कोणाचा गं?"

सखू सुपात जोंधळे पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"वहीत बगा की, बाई."