शेळीनं दिलेला कौल

कोरेगावच्या अलीकडे आमची वाडी. रस्ता रुंद होणार म्हणून जांभळाई देवीची जांभळी तोडायची ठरली, तेव्हा माझी श्रद्धाच डळमळली. मालक लष्करात असताना त्यांचं आयुष्य मी याच झाडाखाली बसून मागितलं होतं आणि ते सुखरूप आले होते. आता जिला स्वतःचं झाड राखता येत नाही ती आम्हाला काय राखणार, असं मनात यायचं. पण मी हट्टी. कचेरीत खेटे घालून झाड मुळासकट उचलून गायरानात लावायची परवानगी मिळवली.

क्रेन आली आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. फांद्या छाटल्याशिवाय झाड उचलणार नव्हतं, आणि जांभळाईचं पान तोडायचं नाही, खाली पडेल तेवढंच घ्यायचं, ही आमची पिढीजात रीत. कोयता धरायला कुणी पुढं येईना. गुरवकाकांनी देवीला फूल लावून कौल मागितला. फूल ढिम्म हललं नाही. क्रेनवाला संध्याकाळी जाणार होता आणि उद्या करवत येणार होती. मी देवीपुढं बसून रडले. म्हटलं, बाई, माझं करून झालं, आता तू बघ.

तेवढ्यात माणदेशाकडची एक मेंढपाळ बाई रस्त्यानं कळप घेऊन आली. तिची एक शेळी पारावर चढली आणि खालच्या फांदीची पानं खुशाल ओरबाडू लागली. बाई घाबरली. "आवं काका, माफी करा. मुका जीव हाय, लय भुकेलाय."

मी उठले. "काका, आई शेळीला न्हाई म्हणाली न्हाई. आपल्याला म्हणंल व्हय?"

"मग पयला घाव तूच घाल, पोरी."

मी कोयता उचलला आणि घाव घातला.

बारमाही हिरवं झाड गायरानातल्या नव्या पारावर, देवीशेजारी, बोडकं उभं राहिलं. लोकांनी नावं ठेवली. मी उन्हाळाभर घागरीनं पाणी घातलं, तेव्हा कुठं तांबूस पालवी फुटली.

शेळी योगायोगानं आली असेल. मी वाद घालत नाही. देवी कशातून बोलेल हे आपण ठरवायचं नसतं, एवढं मला कळलं. यंदा जांभळं पडली. पहिली ओंजळ मी देवीपुढं ठेवली आणि मन भरून आलं. गुरवकाकांनी जन्मात कधी पान तोडलं नव्हतं. त्यांनी एक हिरवी डहाळी मोडली आणि रस्त्यानं येणाऱ्या शेळ्यांसाठी पाराच्या कडेला ठेवली.