अप्पांची रिकामी गादी

मी डॉक्टर व्हायला गेले आणि अप्पांनी दुकानातली गादी सोडली. बसवकल्याणला आमचं कापडाचं दुकान आहे. माझ्या शिक्षणाच्या कर्जासाठी त्याचे कागद बँकेत तारण ठेवले, त्या दिवसापासून माझे वडील गादीशेजारी एका लाकडी स्टुलावर बसू लागले.

"गादी मालकाची असती. सध्या मालक बँक हाय," म्हणायचे.

रोज सकाळी तक्के झटकायचे, खोळी नीट करायचे आणि पुन्हा स्टुलावर. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, मालक कुठं गेलेत? मला असा संताप यायचा! कुणी सांगितलं होतं असलं व्रत धरायला?

शिकून बाहेर पडले तेव्हा एक सरकारी योजना कळली. खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात ठरलेली वर्षं काढली, की कर्ज सरकार फेडणार. मधेच सोडलं तर सगळं पुन्हा आपल्या गळ्यात. मला हळ्ळीखेडचा दवाखाना मिळाला. तिथं एकच बाई पोटदुखी मराठीत सांगायची आणि सासूचं गाऱ्हाणं कन्नडमध्ये. औषध मात्र दोन्हींवर मागायची. मी रमले, पण दमलेही.

अशात कलबुर्गीच्या एका खाजगी दवाखान्यातून बोलावणं आलं. पगार चांगला, कामाला माणसं भरपूर. मी थेट दुकानात गेले.

"अप्पा, मी कलबुर्गीला जावं म्हनायलेय. हप्ते माझ्या पगारातून भरू."

"जा की. माझी काळजी कामून करायलीस? मला काय स्टूल टोचायलंय व्हय?"

असं म्हणून ते उठले, ते कमरेवर हात ठेवून, फळीचा आधार घेत. दवाखान्यात अशी कमर घेऊन कुणी आलं, की मी पाठ टेकून बसा म्हणून रागावते. हप्त्यांनी कागद सुटायला किती वर्षं जातील, हा हिशेब मला तेव्हा नकोसा झाला. बाहेर येऊन मी कलबुर्गीला नाही म्हणून कळवलं. फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत त्या स्टुलाला मनात शिव्या घालत होते.

मुदत पुरी झाली. कर्ज फिटलं. बँकेने कागद हातात दिले, तेव्हा तिथल्याच पायरीवर बसून मी मनसोक्त रडले. येणारे-जाणारे बघत होते. बघेनात का! छातीवरचा दगड उतरला होता.

अप्पांनी कागद कपाळाला लावले, बसवण्णांच्या तसबिरीपुढं ठेवले. पाय धुऊन आले आणि गादीवर बसले. आधी पाहुण्यासारखे काठावर, अवघडून. मग मागं सरकले. पाठ तक्क्याला टेकली आणि डोळे मिटले. थोड्याच वेळात घोरायला लागले, भर बाजाराच्या वेळी.

तेवढ्यात एक म्हातारी पायरी चढून आली.

"अक्का, अप्पाला उठव की. परकराचं कापड पायजे."

"न्हाई उठवत, आजी. कसलं पायजे, मला सांगा."

तिनं वरच्या फळीवरच्या हिरव्या ताग्याकडं बोट दाखवलं. माझा हात पुरेना. मी अप्पांचं स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि तागा खाली काढला.